इंद्रवज्र आधी कुणी तपासलं? कोकणकड्यावरच्या एका नोंदीची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

पहिला पाऊस पडला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक फॉरवर्ड ठरलेला असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो, त्यावर गोल इंद्रधनुष्य आणि खाली ओळ: '१८३५ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इंद्रवज्र प्रथम पाहिले.' कधी त्यात 'घोडेस्वाराची गूढ सावली' येते, कधी 'जगात फक्त इथेच दिसणारा चमत्कार'. माझ्याकडे एकाच आठवड्यात चार ग्रुपवरून हा मजकूर आला. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू. कारण या एका ओळीत साल चुकलंय, 'प्रथम' चुकलंय, आणि त्या प्रसंगातली सगळ्यात भारी माणसं तर गायबच झालीत.

आधी साईक्स कोण ते बघू.

विल्यम हेन्री साईक्स, जन्म १७९०. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला माणूस. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा तो कंपनीच्या बाजूने लढत होता. म्हणजे आपल्या दृष्टीने जिंकून आलेल्यांपैकी एक. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या माहितीसंकलनाचं काम दिलं. नव्याने ताब्यात आलेला मुलुख, तेव्हा सरकारला सगळंच मोजून हवं होतं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, बाजारभाव काय, पाऊस किती, हवा कशी. साईक्स गावोगाव हिंडला. बरोबर वायुभारमापक, तापमापक अशी यंत्रं. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरावीक वेळांना दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्याने वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं.

गडी हौशीही होता. दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी त्याने १८३२ मध्ये छापली. आपल्याकडच्या रानकुत्र्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये केलं, आणि त्यात 'कोळसून' हे आपलं मराठी नावही नोंदवलं. पुढे लंडनला संख्याशास्त्राची मोठी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. नंतर खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. १८७२ मध्ये वारला.

आता साल. साईक्सने १८३१ मध्ये हिंदुस्थान सोडला आणि १८३३ मध्ये नोकरीतून निवृत्ती घेतली. मग १८३५ साली तो कोकणकड्यावर कसा असेल? १८३५ हे त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला ते वर्ष. इंद्रवज्राची हकीकत त्या निबंधात आहे. प्रत्यक्ष दृश्य त्याने त्याआधी, इथे नोकरीवर असताना, म्हणजे १८२४ ते १८३१ या काळात पाहिलं. छापल्याचं वर्ष पाहिल्याचं वर्ष होऊन बसलं आणि आपण ते ढकलत राहिलो. तपासायला दोन तारखा पुरेशा होत्या.

त्याने लिहिलंय काय, ते माझ्या शब्दांत सांगतो.

हरिश्चंद्रगडावर त्याचा मुक्काम होता. कोकणातून धुक्याचा थर वर चढायचा, कड्याच्या माथ्याहून थोडा उंच व्हायचा, पण पठारावर मात्र यायचा नाही. म्हणजे समोर पांढरी भिंत आणि आपण तिच्या बाहेर, कड्याच्या काठावर. कड्याची खोली त्याने दोन ते तीन हजार फूट धरली आहे. पाठीमागे स्वच्छ सूर्य, तोही अगदी खाली. अशा वेळी समोरच्या धुक्यात रंगीत वर्तुळ उमटलं. पूर्ण गोल. अर्धं तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धं खाली. आणि मधोमध, चौकटीत तसबीर बसवावी तशा सावल्या: त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची. वर्तुळाचा व्यास त्याच्या अंदाजाने पन्नास-साठ फुटांच्या पुढे नव्हता. हे दृश्य त्याने एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं. आणि 'गूढ घोडेस्वार' वगैरे कुणी नव्हता. साहेबाचाच घोडा होता.

माझ्या मते त्या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग यापुढे आहे.

साईक्स लिहितो की त्याच्याबरोबरच्या माणसांचा विश्वासच बसेना. समोर दिसणाऱ्या आकृती म्हणजे आपल्याच सावल्या आहेत, हे त्यांना पटेना. मग त्यांनी काय केलं? हात वर केले, पाय हलवले, अंग वाकडंतिकडं केलं, आणि समोरच्या आकृतीही तसंच करतात का ते पाहिलं. आपण हललो की ती हलते, आपण थांबलो की ती थांबते. असं करून करून खात्री पटवली. मनातली भीती जायला मात्र थोडा वेळ लागला, असं साईक्स म्हणतो. त्या भीतीला त्याने अंधश्रद्धेचं लेबल लावलंय.

आता जरा थांबून विचार करा. समोर आजवर न पाहिलेलं काहीतरी आहे. मनात भीती आहे. साहेब सांगतोय की ही तुमचीच सावली आहे. साहेब म्हणतो म्हणून मान डोलवायची, की भुताटकी म्हणून पळ काढायचा? या माणसांनी दोन्ही केलं नाही. एक गोष्ट बदलायची आणि दुसरी बदलते का बघायचं, हे त्यांनी केलं. प्रयोग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? शाळेत विज्ञानाच्या तासाला आपल्याला हेच शिकवतात, फक्त कड्यावर उभं न करता.

त्यांची नावं निबंधात नाहीत. सर्वेक्षणाच्या तांड्याबरोबर असतात तशीच ती असणार: मोतद्दार, शिपाई, ओझी वाहणारे, वाटाडे. घोड्याचा उल्लेख आला, माणसांना नुसतं 'माझे लोक' एवढंच. आणि आज आपल्या फॉरवर्डमध्ये तेवढंही उरलेलं नाही. साहेबाने 'प्रथम पाहिलं', संपलं.

'प्रथम पाहिलं' हे तर सरळच चूक. साईक्सने ते लिहून छापलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. नोंद ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. पण कोकणकडा काय १८२४ ला उगवला होता? गडावर शतकानुशतकं वस्ती, हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची लेणी. पायथ्याला पाचनई, खिरेश्वर, खाली कोकणात बेलपाडा. पावसाळ्यात पठारावर गुरं चारणारी माणसं रोज सकाळी त्याच काठाने जाणार. सूर्य पाठीशी आणि समोर धुकं हा योग त्यांच्या नशिबी कधी आलाच नसेल, असं मानायचं तर आपल्याच माणसांना आंधळं ठरवावं लागेल.

आता यामागचं शास्त्र थोडक्यात.

कोकणातून येणारं ओलं वारं कड्यावर आपटून वर चढतं. वर जाताना थंड होतं आणि त्याचं धुकं होतं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागून येतो आणि आपली सावली समोरच्या धुक्यावर पडते. धुक्याच्या थेंबांतून प्रकाश उलट, म्हणजे आपल्याच दिशेला परत फेकला जातो आणि सावलीभोवती रंगीत कडी दिसतात. एरवी इंद्रधनुष्य अर्धं दिसतं कारण खालची बाजू जमीन कापते. कड्यावरून खाली बघताना मध्ये जमीनच नसते, म्हणून गोल पूर्ण होतो.

जगात हे फक्त इथेच दिसतं का? अजिबात नाही. जर्मनीत ब्रॉकेन नावाचा डोंगर आहे, तिथल्या धुक्यावर पडणाऱ्या राक्षसी सावलीचं वर्णन १७८० मध्ये झालं आणि तेच नाव जगभर रूढ झालं. त्याच्याही आधी, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या मोहिमेतल्या अंतोनियो दे उयोआ या स्पॅनिश अधिकाऱ्याने हे पाहिलं. त्याने एक बारीक गोष्ट टिपली: सगळे शेजारी शेजारी उभे होते, तरी प्रत्येकाला तेजोवलय दिसलं ते फक्त स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती! चीनमध्ये एमेई पर्वतावर याला 'बुद्धाचा प्रकाश' म्हणतात. काही भाविक त्या प्रकाशात झेपावले आणि त्या कड्याला देहत्यागाचा कडा असं नाव पडलं. आणि तुम्ही विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीत बसलात तर खाली ढगावर विमानाची सावली आणि तिच्याभोवती हेच वलय दिसू शकतं. पुढच्या वेळी बघा.

एकच दृश्य, आणि माणसांनी त्याचं काय काय केलं बघा. कुणी देव पाहिला, कुणी राक्षस. आणि एकाने काय केलं ते ऐका.

१८९४ च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहायला गेला. तिथे ढगांवरची ही रंगीत कडी पाहून तो वेडावला. केंब्रिजला परत आल्यावर प्रयोगशाळेत कृत्रिम ढग करून तसं काही दिसतं का, याच्या मागे लागला. त्या खटपटीतून मेघकोष्ठ नावाचं उपकरण तयार झालं, ज्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा मार्ग थेंबांच्या रेषेसारखा उमटतो. १९२७ मध्ये विल्सनला याबद्दल भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९३२ मध्ये पॉझिट्रॉन हा कण सापडला तोही याच जातीच्या उपकरणात.

विल्सनचं कौतुक करताना मला कोकणकड्यावरची ती माणसं आठवतात. मोठेपणाची तुलना करत नाही. विल्सनकडे केंब्रिज होतं, वेळ होता, उपकरणं होती. पण पहिली पायरी एकच होती: दिसलं, नवल वाटलं, आता करून बघू. ती पायरी त्यांनी विल्सनच्या साठ-सत्तर वर्षं आधी, आपल्या मातीत, अनवाणी किंवा वहाणा घालून का होईना, चढली होती. पुढच्या पायऱ्या चढायची संधी त्यांना कुणी दिली नाही, हा भाग वेगळा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती जिवाशी खेळणारी आहे. ज्या धुक्यात इंद्रवज्र दिसतं, तेच धुकं दहा मिनिटांत पठारावर आलं की चकवा लागतो.

चकवा म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच दगडापाशी येतो. आपल्या लहानपणी चकव्याच्या किती गोष्टी ऐकल्या! कुणी म्हणायचं भूत आहे, कुणी म्हणायचं रानातली बाधा. उपायही ठरलेले. चपला अदलाबदल कर, सदरा उलटा घाल, देवाचं नाव घे आणि एका जागी बस, उजाडेपर्यंत हलू नकोस.

२००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सोडलं, अंगावर जीपीएस दिलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आकाश झाकोळलं तेव्हा जंगलातली माणसं गोल गोल फिरली, आपल्याच वाटा ओलांडल्या, आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधलेली काही माणसं तर वीस मीटर व्यासाच्या इवल्याशा वर्तुळात फिरली. सरळ चालण्यासाठी मेंदूला बाहेरची खूण लागते: सूर्य, चंद्र, डोंगर. खूण गेली की बारीक बारीक चुका साचत जातात आणि वाट वाकते.

म्हणजे चकवा खरा आहे. फक्त तो रानात नसून आपल्या चालण्यात आहे. आणि आता ते जुने उपाय परत वाचा. चपला बदलायच्या तर थांबावं लागतं. सदरा उलटा घालायचा तर थांबावं लागतं. देवाचं नाव घेतलं की घाबरलेला श्वास जागेवर येतो. आणि उजाडेपर्यंत बसणं म्हणजे खूण परत येईपर्यंत वाट बघणं! कारण भुताचं सांगितलं असेल, पण सल्ला सोळा आणे बरोबर होता. असले नियम पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी भोगून, पाहून, पारखून ठरवलेले असतात.

मागे एका पावसाळ्यात तारामतीकडून कड्याकडे जाताना आम्ही ढगात सापडलो. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आमच्याबरोबर पाचनईचे एक मामा होते. आमच्यातल्या एकाने मोबाईल काढला आणि म्हणाला, नकाशात दिसतंय, इकडून जाऊ. मामांनी हातातली काठी आडवी धरली आणि म्हणाले, "दादा, बसा खाली. ढग जाईस्तोवर कुणी हालायचं नाय." पाऊण तास आम्ही भिजत बसलो. पोरं कुरकुरली. ढग सरकला तेव्हा आमच्यापासून कड्याची धार काही हाकेच्या अंतरावर होती. मामा काहीच बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळली. त्यांना मी विचारलं, इंद्रवज्र पाहिलंय का? म्हणाले, "आता तुमी लोक इंद्रवज्र म्हणता. आमी ल्हानपणी गुरं घेऊन यायचो तवा सावलीला हात करायचो. ती पण करायची."

मी गप्पच झालो. साईक्सच्या माणसांनी जे केलं, तेच हा माणूस पोरवयात करत होता. त्याने निबंध वाचलेला नाही आणि त्याला कुणी विचारलेलंही नाही.

आज काय चाललंय? जोडून सुट्ट्या आल्या की पावसाळी शनिवार-रविवारी कड्याच्या धारेवर जत्रा भरते. फॉरवर्ड वाचून पोरं येतात, धुक्यात सेल्फीसाठी पुढे सरकतात. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, याचाही अनेकांना पत्ता नसतो. कुणी वाट चुकलं की रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला कोण निघतं? पायथ्याच्या गावातली पोरं आणि बचावकार्य करणारे स्वयंसेवक. नाव कुठे येतं का त्यांचं? आपण आजही 'आणि स्थानिकांच्या मदतीने' एवढंच लिहितो. दोनशे वर्षांत घोड्याचा उल्लेख सुटला, माणसांचा मात्र तिथेच राहिला.

म्हणून या पोस्टच्या निमित्ताने तीन मागण्या, आपल्या ग्रामपंचायतीपासून वनखात्यापर्यंत सगळ्यांना:

१. कोकणकड्यावर इंद्रवज्राची खरी माहिती मराठीत लागू द्या. साल बरोबर, शास्त्र सोपं, आणि साईक्सच्या बरोबरीने त्या बिननावाच्या माणसांच्या प्रयोगाचा उल्लेख. त्याच फलकावर मोठ्या अक्षरात: ढग आला की बसा.

२. पावसाळ्यात अनोळखी गटांनी गावातला वाटाड्या घ्यावा. त्याचा मोबदला ठरलेला असावा आणि तो त्याच्या हातात पडावा.

३. पाचनई, खिरेश्वर, बेलपाडा इथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून रानातल्या या गोष्टी नावागावासकट लिहून ठेवा. शाळेतल्या पोरांना हे काम द्या. मोबाईलवर आवाज नोंदवून घ्या. मामांसारखी माणसं गेली की ती नोंद कुठल्याही रॉयल सोसायटीत सापडणार नाही.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. रानात अजब दिसणारं खूप असतं, पुढेही दिसेल. घाबरायला हरकत नाही. कड्यावरची ती माणसंही घाबरलीच होती. पण घाबरत घाबरत का होईना, हात हलवून बघायचं. फॉरवर्ड आला तरी हेच करायचं. ढकलण्याआधी जरा हलवून बघा, हलतो का ते.

तुमच्या गावाकडे चकव्याला काय म्हणतात, आणि तो लागला तर काय करायला सांगतात? कॉमेंटमध्ये नक्की लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहिलंत तर फारच उत्तम. कुणी इंद्रवज्र स्वतः पाहिलं असेल तर महिना, वेळ आणि जागा सांगा. सगळं एकत्र करून पुढच्या पावसाळ्याआधी एक नीट यादी करू.

पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही. फक्त साल बदलू नका!